दर दीड महिन्याने पेटी रिकामी का होते? पिलबग पाळणाऱ्यांसाठी

तक्रार जवळपास सगळ्यांची सारखीच असते. प्लास्टिकच्या पेटीत माती घातली, वर वाळकी पानं पसरली, दगडाखाली सापडलेले वीसेक पिलबग, म्हणजे धक्का लागला की गोळी होणारे छोटे जीव, आणून सोडले. पहिले तीन आठवडे झकास जातात. रात्री टॉर्च मारला की मंडळी पानांवर चरताना दिसतात. मग एक मेलेला सापडतो. चार दिवसांनी तीन. दीड महिन्यात पेटी सामसूम. माती बदलायची, नवे आणायचे आणि पुन्हा तेच.

माझ्याकडे ही फेरी चार वेळा झाली. चौथ्या वेळी मी एक वही केली: मेलेला कुठे सापडला, कसा दिसत होता, त्याआधीच्या आठवड्यात मी पेटीत काय काय केलं. त्या वहीने जे शिकवलं ते खाली लिहितोय. एकच औषध सगळ्यांना लागू पडत नाही, कारण मरण्याची कारणं चार-पाच वेगवेगळी असतात आणि त्यांतल्या दोघांचे उपाय एकमेकांच्या अगदी उलट आहेत. म्हणून घाईने पाणी शिंपडू नका आणि घाईने पेटी वाळवूही नका.

तुमच्याकडे पिलबगच आहेत ना?

हा प्रश्न वेडगळ वाटेल, पण निम्मा गोंधळ इथेच असतो. जगभर सगळीकडे सापडणारा पिलबग म्हणजे आर्माडिलिडियम वल्गॅरी. लात्रेय या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८०४ मध्ये त्याचं वर्णन केलं. मूळचा भूमध्य समुद्राच्या आसपासचा, पण रोपं, माती आणि माणसाचं सामान यांच्याबरोबर बहुतेक सगळ्या खंडांवर पोचलेला. लांबी फार तर पावणेदोन सेंटिमीटर. धक्का लागला की तो पूर्ण गोळी होतो, इतकी घट्ट की पाय आणि मिशा आत नाहीशा होतात.

त्याच्याबरोबर त्याच दगडाखाली बऱ्याचदा पोर्सेलिओही सापडतो. हा अंगाने चपटा, मागे दोन छोटी टोकं बाहेर आलेली, आणि याला गोळी होता येत नाही. तो नुसता पळ काढतो. इंग्रजीत याला सोबग म्हणतात. दोघांचं राहणीमान बरंच सारखं असल्यामुळे एका पेटीत ते चालून जातात.

खरी फसगत तिसऱ्यामुळे होते. गोळी होणारा मिलीपीड, म्हणजे आपल्याकडच्या वाणी किंवा पैसा किड्याचा नातेवाईक. दिसायला चकचकीत, बरेचदा पिलबगपेक्षा मोठा, आणि गोळी इतकीच सुबक. पण तो या घराण्यातला नाहीच. ओळखायला दोन खुणा पुरतात. उलटा करून पाय मोजा: पिलबगला पायांच्या ७ जोड्या असतात आणि प्रत्येक खंडाला एकच जोडी, तर मिलीपीडच्या बहुतेक खंडांना दोन-दोन जोड्या. पाय मोजू देत नसेल तर पाठीचा शेवट पाहा. मिलीपीडच्या मागे एक मोठी ढाल असते, पिलबगच्या मागे अरुंद पट्ट्यांची ओळ. दोन अगदी वेगळ्या घराण्यांनी बचावाची एकच युक्ती आपापली शोधून काढली आहे. हा मिलीपीड पेटीत टिकवणं खूप कठीण असतं, आणि या लेखातले उपाय त्याला लागू पडणार नाहीत. सापडला असेल तर जिथून आणला तिथे सोडून या.

हा कीटक नाही, आणि सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं

पिलबग हा कवचधारी प्राणी, म्हणजे कोळंबी आणि खेकड्यांच्या गोतावळ्यातला. त्याचा गण आयसोपोडा. या गणातले बरेच नातेवाईक अजून पाण्यातच आहेत. जमिनीवर राहायला आलेल्या जाती साडेतीन हजारांहून जास्त आहेत, पण पाण्याशी असलेलं नातं कुणीच पूर्ण तोडलेलं नाही.

मुंगी किंवा झुरळाच्या कवचावर मेणासारखा थर असतो, त्यामुळे अंगातलं पाणी आत राहतं. पिलबगच्या कवचाला असा पक्का थर नाही. कोरड्या हवेत त्याचं पाणी सतत उडत राहतं. त्यात श्वासाची अडचण वेगळी. पोटाच्या मागच्या भागात पानासारख्या चपट्या पाळ्या असतात, त्यांवर तो श्वास घेतो. भिंग असेल तर काचेवर चालणारा पिलबग खालून पाहा: मागच्या बाजूला पहिल्या दोन जोड्यांवर पांढरे ठिपके दिसतील. तीच त्याची फुप्फुसं. आत हवेच्या बारीक नळ्या, आणि हवा घ्यायची तर आतला पृष्ठभाग ओलसर हवा. म्हणून कोरड्यात तो तहानेने मरतो आणि त्याच वेळी गुदमरतोही.

हे कळलं की माणूस धो धो पाणी घालायला लागतो. मीही तेच केलं. पण या पाळ्या आता हवेसाठी बनलेल्या आहेत. पाण्यात बुडवून ठेवला तर पिलबग काही वेळाने मरतोच. चिखलात, बंद झाकणाखाली, कोंदट हवेत तो काही दिवस तग धरतो आणि मग मरतो, आणि तेव्हा आपल्याला वाटतं की पाणी कमी पडलं.

त्याला ओल हवी असते, पण त्याहून जास्त हवी असते निवड. तो ओली जागा कशी गाठतो हे पाहण्यासारखं आहे. डोक्यात काही नकाशा नसतो. अंगाला कोरडं लागलं की पाय जोरात चालतात, ओलं लागलं की मंदावतात आणि थांबतात. एवढ्याशा नियमावर तो आपोआप दमट ठिकाणी जाऊन पोचतो. उजेड टाळायचा, आणि दोन्हीकडून अंगाला काहीतरी टेकेल अशा फटीत शिरायचं, या आणखी दोन सवयी त्याला मदत करतात. पण हे यंत्र चालायला पेटीत कोरडं आणि ओलं दोन्ही हवं. सगळी पेटी सारखी ओली केली की त्याला अंग सुकवायला जागा उरत नाही. सगळी कोरडी ठेवली तर तो धावत राहतो आणि धावता धावताच सुकतो.

तेव्हा पहिला उपाय हा. पेटी लांबट घ्या. एका टोकाचा तिसरा हिस्सा ओला ठेवा, तिथे शेवाळ आणि झाडाच्या सालीचे तुकडे. दुसरं टोक जवळजवळ कोरडं, तिथे नुसती पानं. पाणी शिंपडायचं ते फक्त ओल्या कोपऱ्यात. शेवाळ चिमटीत दाबलं तर एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागता कामा नये. माती किमान ५ ते ७ सेंटिमीटर, म्हणजे वरचा थर सुकला तरी तळाशी ओल धरून राहते. वाऱ्यासाठी भोकं समोरासमोरच्या बाजूंना, एकीकडे जरा खाली आणि दुसरीकडे जरा वर. झाकणात मधोमध पाडलेल्या चार भोकांतून हवा फारशी फिरत नाही.

पिण्याच्या पाण्याची वाटी ठेवायची गरज नाही, लहान पिल्लं त्यात बुडतात. पिलबग तोंडाने पाणी पितोच, शिवाय मागची दोन छोटी टोकं ओल्या जागेला टेकवून तिथूनही पाणी वर ओढून घेतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला थट्टा वाटली होती.

मेलेला कुठे पडलाय ते पाहा

माझ्या वहीतला सगळ्यात कामाचा रकाना हाच.

मेलेले शेवाळाखाली किंवा सालीखाली गर्दी करून, अर्धवट गोळी झालेले, उचलल्यावर भुसासारखे हलके आणि चिमटीत चुरडणारे असतील तर कारण कोरडेपणा. पिलबग एकमेकांना चिकटून बसतात ते प्रेमाने नव्हे, घोळक्यात प्रत्येकाच्या अंगातून उडणारं पाणी कमी होतं म्हणून. गोळी होण्याचाही हा एक फायदा आहे: श्वासाच्या पाळ्या आत झाकल्या जातात. म्हणजे दिवसाढवळ्या, कुणी न छेडता, बरेच जण गोळी होऊन पडलेले दिसले तर ती धोक्याची घंटा समजा आणि त्याच दिवशी ओल्या कोपऱ्याकडे बघा. बरणीत दोन-तीनच पिलबग ठेवणाऱ्या मुलांचे प्राणी लवकर मरतात त्याचं एक कारण हेच, घोळका करायला सोबतीच नसतात. पंधरा-वीसपेक्षा कमी ठेवू नका.

याउलट मेलेले भिंतींच्या कडेला, झाकणाजवळ किंवा कोरड्या टोकाच्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, अंग सैल सोडून उताणे पडलेले आणि मऊ असतील, तर पाणी जास्त आणि हवा कमी. अशा पेटीचं झाकण उघडलं की आंबूस वास येतो. जिवंत असलेलेही दिवसा भिंतीवर चढायच्या प्रयत्नात दिसतात. झाकण दोन दिवस नुसत्या जाळीच्या कापडाने झाका, शिंपडणं थांबवा, तळाशी पाणी साचलं असेल तर तेवढी चिखलाची माती चमच्याने काढा. सगळी माती उपसू नका. का ते पुढे येतंय.

वासाबद्दल एक गोष्ट. आपल्यासारखं मूत्र पिलबग टाकत नाही. अंगातला टाकाऊ नायट्रोजन तो अमोनिया वायूच्या रूपात कवचातून सोडतो. नीट वारा खेळणाऱ्या पेटीत त्याचा पत्ताही लागत नाही. नाकाला झोंबलं तर पेटी कोंडलीय, एवढं त्यातून समजायचं.

थांबा, तो मेलाय की कात टाकतोय?

वहीच्या पहिल्या पानावर मी डझनभर मृत्यू लिहिले होते. त्यांतले पाच तर मृत्यू नव्हतेच.

पिलबग कात टाकतो ती दोन हप्त्यांत. आधी मागचा अर्धा भाग, मग काही तासांनी किंवा काही दिवसांनी पुढचा. त्यामुळे मध्ये तो अर्धा फिका, अर्धा गडद असा दोन रंगांचा दिसतो. कात टाकण्याआधी कवचातला चुना तो वाया जाऊ देत नाही. मागच्या भागातला चुना काढून पुढच्या पायांमधल्या पोटाच्या पट्ट्यांत साठवतो. तेव्हा उलटा केला तर पुढच्या बाजूला पोटावर पांढरे शुभ्र डाग दिसतात. याला रोग समजून वेगळं काढणारे लोक मी पाहिलेत, आणि मी स्वतःही त्यांतलाच. मागचं कवच उतरलं की तोच चुना तिकडे नेऊन नवं कवच कडक करायचं, आणि मग पुढचं उतरवायचं. टाकलेली कात बहुतेकदा तो खाऊनही टाकतो.

या काळात तो सुस्त असतो, धक्का दिला तरी नीट गोळी होत नाही, कडेला पडून राहतो. मेलेला वाटतो. तेव्हा पारख अशी करा. अर्धंच, पोकळ, पातळ कवच सापडलं तर ती कात. पूर्ण अंग सापडलं आणि शंका असेल तर ओल्या कागदावर ठेवून वर पेला पालथा घाला आणि तासाभराने बघा. मिशी जरी हलली तरी परत सालीखाली ठेवा. बोटाने टोचून पाहू नका, नव्या कवचाला ते सहन होत नाही.

कात टाकलेला मऊ पिलबग हा इतरांच्या दृष्टीने तयार ताट आहे, हेही खरं. एरवी हे प्राणी एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. पण पेटीत प्रथिनं आणि चुना कमी पडला की मऊ भावंड कुरतडलं जातं. पाय नसलेली, कुरतडलेली प्रेतं सापडत असतील तर आठवड्यातून एकदा चिमूटभर सुकं मत्स्यखाद्य टाका आणि समुद्रफेनाचा (कटलफिश या समुद्री प्राण्याच्या अंगातल्या चुन्याच्या हाडाचा) एक तुकडा किंवा अंड्याच्या टरफलाचा चुरा कायम कोरड्या बाजूला ठेवा. एका बाजूने खरवडला गेलेला समुद्रफेन दिसला की समजा, गरज होती.

माझा खरा गुन्हा: साफसफाई

आता त्या तीन आठवड्यांबद्दल. दर वेळी पहिले तीन आठवडे झकास का जायचे? कारण तीन आठवड्यांनी मी पेटी साफ करायचो. माती बदलायची, पानं बदलायची, भिंती पुसायच्या, पिलबग ब्रशने गोळा करून चकाचक घरात सोडायचे. वहीत तारखा एकाखाली एक आल्या तेव्हा लक्षात आलं की मरणं सुरू होतं ते साफसफाईनंतरच्या आठवड्यात. चौथ्या फेरीआधी मी हे जोडूनच पाहिलं नव्हतं, कारण स्वच्छतेने कुणी मरतं असं मनातच येत नाही.

काय होत होतं ते सांगतो. एक, कात टाकत असलेले मऊ प्राणी ब्रशखाली येत होते. दोन, नुकती बाहेर पडलेली पिल्लं जेमतेम दोन मिलिमीटरची आणि पांढरी असतात, ती मी जुन्या मातीबरोबर फेकून देत होतो. तीन, सगळ्यात मोठं: मी त्यांचं अन्न फेकत होतो.

पिलबग पान खातो असं आपण म्हणतो, पण ताजं गळलेलं पान त्याला फारसं आवडत नाही. बुरशी आणि जिवाणूंनी आधी ते मऊ करायचं, मग हा खाणार. एकदा खाल्लेलं सगळं पचतही नाही. त्याच्या चौकोनी बारीक लेंड्या तुम्हाला मातीवर दिसतील. त्यांवर पुन्हा सूक्ष्मजीव वाढतात, आणि पिलबग त्या पुन्हा खातो. घाणेरडं वाटतं, पण त्याला ते खाऊ दिलं नाही तर वाढ मंदावते. माझ्या चकाचक पेटीत कुजकं पान नव्हतं, लेंड्या नव्हत्या, बुरशी नव्हती. होती ती न कुजलेली वाळकी पानं आणि उपाशी मंडळी.

त्यामुळे पेटी साफ करू नका. मेलेले पिलबग, भाजीचे कुजलेले तुकडे आणि चिखल एवढंच काढा. वर्षभराने माती अगदीच लेंड्यांनी भरली तर एका वेळी एक तृतीयांश बदला, आणि काढलेली माती महिनाभर दुसऱ्या डब्यात ओलसर ठेवा. त्यातून पिल्लं निघतातच.

नवी पेटी असेल तर प्राणी आणायच्या आधी दोन-तीन आठवडे ती ओलसर ठेवून पानं मुरू द्या. पानं रुंद पानांच्या झाडांची घ्या. पाइन, देवदार यांसारख्या राळेच्या, उग्र वासाच्या झाडांचं लाकूड टाळा. खत मिसळलेली तयार माती नको. आणि ज्या झाडावर कीटकनाशक फवारलंय त्याची पानं तर अजिबात नकोत: कीटकांना मारणारी बरीच औषधं कवचधारींनाही मारतात. एका रात्रीत सगळी पेटी मेली तर ओल-बिल तपासत बसू नका, पानं कुठून आणली ते आठवा. कुत्र्या-मांजराला पिसवांचं औषध लावलेल्या हातांनी पेटी हाताळलीत का, हेही.

बुरशी दिसली म्हणून घाबरू नका. ओल्या सालीवरची पांढरी बुरशी त्यांचा खाऊ आहे. तिच्यात उड्या मारणारे बारीक पांढरे जीव दिसले तर ते स्प्रिंगटेल, बुरशी खाणारे आणि निरुपद्रवी. खाद्यावर पांढऱ्या पिठासारखा, संथ सरकणारा थर असेल तर मात्र ते माइट, म्हणजे कोळ्यांच्या नात्यातले अगदी बारीक जीव. म्हणजे तुम्ही खाद्य जास्त टाकताय. आठवडाभर सुकं खाद्य बंद, गाजराचा तुकडा रात्री ठेवून सकाळी माइटसकट उचलायचा, आणि पेटी थोडी कोरडी.

निळा झालेला पिलबग

एका सकाळी करड्या मंडळींत एखादा जांभळट निळा, चमकणारा दिसतो. दिसतो फार सुंदर. फोटो काढावासा वाटतो. फोटो काढा आणि त्याला लगेच वेगळा करा.

हा इरिडोव्हायरस. विषाणूचे कण त्याच्या पेशींत इतक्या शिस्तीने रचले जातात की स्फटिकासारखा त्यांच्यावरून निळा प्रकाश परततो. पिलबगमधला हा विषाणू वेगळा काढल्याचं १९८० मध्ये प्रसिद्ध झालं. माणसाला त्याचा धोका नाही, पण निळा झालेला पिलबग वाचत नाही, आणि इतरांनी त्याचं प्रेत खाल्लं की साथ पुढे सरकते. उपचार काही नाही. निळे दिसतील तसे काढत राहायचं आणि मेलेला एकही पेटीत राहू द्यायचा नाही, एवढंच हातात आहे. एरवी एखादं प्रेत राहिलं तर ते तेच संपवतात आणि ते ठीकही असतं, या एका बाबतीत नाही.

गल्लत होऊ नये म्हणून: काही पिलबग मुळातच निळसर करडे असतात. विषाणूचा निळा रंग पायांवर आणि पोटाच्या बाजूलाही उतरलेला असतो. आणि त्यांचं रक्त ऑक्सिजन घेतल्यावर निळसर होतं ते वेगळ्याच कारणाने, त्यात लोहाऐवजी तांबं असतं म्हणून.

बाहेरून आलेली दुखणी

ही दोन क्वचित भेटतात, थोडक्यात सांगतो. आख्खं कवच शाबूत, आत मात्र पोकळ आणि त्यात एक तपकिरी कोष: ही एका माशीची करामत. ऱ्हायनोफोरिडी कुळातल्या माश्यांच्या अळ्या पिलबगच्या अंगात वाढतात, त्याला आतून संपवतात आणि त्याच्याच कवचात कोष करतात. आणताना तो आधीच बाधित असतो, तुमची चूक नसते. झाकणाला बारीक जाळी असेल तर निघालेली माशी बाहेर जाऊन आणखी उद्योग करणार नाही, पण पेटीतली माशी मारायला विसरू नका.

दुसरं म्हणजे, एखादाच पिलबग दिवसाउजेडी कोरड्या बाजूला उघड्यावर भटकत असतो आणि बाकीचे सगळे सालीखाली निवांत. त्याच्या पोटात काटेरी डोक्याचा कृमी असू शकतो. या कृमीला पुढचं आयुष्य पक्ष्याच्या आतड्यात काढायचं असतं, म्हणून पिलबगने पक्ष्याच्या नजरेस पडणं त्याच्या सोयीचं. जॅनिस मूर या अमेरिकी संशोधिकेने हे १९८३ मध्ये प्रयोगांनी दाखवलं: बाधित पिलबग उघड्यावर आणि फिक्या रंगाच्या जमिनीवर जास्त वेळ राहतात, आणि स्टार्लिंग पक्षी त्यांना जास्त प्रमाणात टिपतात. पेटीत पक्षी नसल्यामुळे ही साखळी तिथेच तुटते, इतरांना त्याच्याकडून थेट लागण होत नाही. पण सगळेच उघड्यावर आले असतील तर कृमी विसरा, पेटीची हवा बघा.

मोठे जगतात, पण पिल्लं दिसत नाहीत

पिलबग साधारण दोन-तीन वर्षं जगतो, काही जास्तही. तुम्ही रानातून मोठे आणले असतील तर त्यांचं बरंच आयुष्य आधीच सरलेलं असतं. सगळं नीट केलं आणि तरी वर्षभरात एकेक करून गेले, तर ते म्हातारपण. पेटी चालू राहायची तर पिल्लं जगली पाहिजेत.

मादी अंडी मातीत घालत नाही. पोटाखाली, पायांच्या मधे पातळ पट्ट्यांची पिशवी तयार होते, तिच्यात द्रव भरलेला असतो आणि अंडी त्यात. काही डझनांपासून शंभराच्या वरही. पोटाखाली फिकट पिवळसर फुगवटा दिसला की ती मादी हाताळू नका. महिना-दीड महिन्याने बाहेर पडणाऱ्या पिल्लांना पायांच्या ६ जोड्या असतात, सातवी नंतर कात टाकताना येते. यांचा जीव कोरड्यात फार लवकर जातो, आणि बहुतेक पिल्लं पहिल्या काही आठवड्यांतच मरतात. मोठ्यांना चालणारा ओला कोपरा पिल्लांना पुरत नाही. म्हणून सालीचे तुकडे एकावर एक दोन-तीन थरांत ठेवा, मधल्या फटींत ओल टिकते. आणि उचलून बघायचा मोह आवरा. मला आवरता येत नाही, म्हणून मी एकच तुकडा बघायचा ठरवलाय, बाकी बंद.

पिशवीवाल्या माद्याच दिसत नसतील तर पेटीत नर नसण्याची शक्यता आहे. ढोबळ खूण म्हणजे नर सहसा एकसारखे गडद करडे, माद्यांच्या पाठीवर बरेचदा पिवळसर ठिपके. पक्की खात्री खालून, भिंगाखालीच होते. नर कमी असण्यामागे वोल्बाकिया नावाचा जिवाणू असू शकतो. तो आईकडून अंड्यात उतरतो, आणि जनुकांनी नर असलेल्या पिल्लांची मादी करतो. बाधित मादीची पोरं मग जवळपास सगळ्या मुलीच. यापुढचा प्रकार आणखी अजब आहे: फ्रेंच संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की काही पिलबगांमध्ये या जिवाणूच्या जनुकसंचाचा मोठा तुकडा प्राण्याच्याच गुणसूत्रात शिरला आहे आणि मादी ठरवण्याचं काम तो करतो. जिवाणू गेला तरी त्याचा हुकूम मागे राहिला.

माद्या नराचं बीज बराच काळ साठवून ठेवतात, त्यामुळे नर नसलेल्या पेटीतही सुरुवातीला एक-दोनदा पिल्लं होतात आणि मग अचानक थांबतात. यावर उपाय म्हणजे दुसऱ्याच जागेहून पाच-सहा नवे आणणं. पण ते सरळ पेटीत सोडू नका. महिनाभर वेगळ्या डब्यात ठेवा, कोणी निळा होतो का, कोणातून कोष निघतो का, पालापाचोळ्याबरोबर कोळी आलाय का बघा. डिस्डेरा नावाचा लालसर कोळी खास या प्राण्यांवर जगतो, आणि त्याचे जबडे पिलबगचं कवच भेदतात.

मंडळी संख्येने कमी होतात आणि प्रेतं मात्र सापडत नाहीत, असं असेल तर ती पळताहेत. गुळगुळीत स्वच्छ प्लास्टिकवर पिलबगला चढता येत नाही. भिंतीवर मातीचे ओघळ, ओरखडे किंवा कोपऱ्यात सिलिकॉनचा पट्टा असेल तर येतं. भिंती पुसायच्या तेवढ्या वरच्या पुसा.

पाचव्या खेपेला मी पेटी तीन आठवडे मुरू दिली, पंचवीस पिलबग सोडले आणि सहा आठवडे आठवड्यातून एकदा ओला कोपरा शिंपडणं सोडून काही केलं नाही. मोजलेसुद्धा नाहीत. मोजायचं असेल तर पानं मोजा. मंडळी ठीक असली की आख्खं पान हळूहळू जाळीदार होत जातं. वरच्या पानांच्या नुसत्या शिरा उरल्या की आणखी मूठभर वाळकी पानं टाकायची, जुन्यांच्या वर, आणि झाकण लावायचं.